परदेशातून आणलेलं स्वयंपाकघरातलं यंत्र: पिन जुळली म्हणजे वीज जुळली असं नाही

सुट्ट्यांत परदेशातून कुणी घरी आलं की बॅगेतून एखादं यंत्र निघतंच. न्यू जर्सीहून मावशी वॉफल मेकर आणते, दुबईहून मामा मोठी किटली आणतो, जर्मनीत शिकणारा भाचा हॅण्ड ब्लेंडर देऊन जातो. खोका उघडल्यावर लक्षात येतं की पिना आपल्या सॉकेटात जात नाहीत. मग कुणीतरी खाली जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून अडॅप्टर आणतं, बटण दाबलं जातं, आणि पुढे काय होईल ते यंत्र कुठल्या देशातलं आहे त्यावर ठरतं. दुबईची किटली पाणी उकळेल, पण अडॅप्टर वितळवू शकेल. जर्मनीचा ब्लेंडर बिनतक्रार चालेल. न्यू जर्सीचा वॉफल मेकर मात्र मिनिटाभरात धूर काढेल.

पिनांचा आकार डोळ्यांना दिसतो म्हणून सगळे आधी तोच प्रश्न सोडवायला बघतात. खरं तर तो सगळ्यात शेवटचा आणि सगळ्यात सोपा प्रश्न आहे. त्याआधी व्होल्ट, वॅट आणि अर्थिंग हे तीन प्रश्न सुटले पाहिजेत, आणि याच क्रमाने.

आधी यंत्र उलटं करा

यंत्राच्या बुडाला किंवा मागे एक चकती नाहीतर स्टिकर असतो. त्यावरचे तीन आकडे मोबाईलने फोटो काढून मोठे करून वाचा.

पहिला आकडा व्होल्टेजचा. व्होल्टेज म्हणजे वायरीत वीज ढकलणारा दाब. इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी तळमजल्यावर जोरात येतं आणि वरच्या मजल्यावर सावकाश, तसाच हा दाब देशोदेशी वेगळा आहे. भारतात तो २३० व्होल्ट आहे. ब्रिटन, युरोप, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिराती इथे तो २२० ते २४० च्या घरात, म्हणजे आपल्यासारखाच आहे. अमेरिका आणि कॅनडात घरातल्या साध्या सॉकेटात १२० व्होल्ट येतात, जपानमध्ये फक्त १००.

दुसरा आकडा हर्ट्झचा, म्हणजे वीज सेकंदाला किती वेळा दिशेची पूर्ण फेरी मारते त्याचा. आपल्याकडे ५०, अमेरिकेत ६०. जपानमध्ये तर टोकियोकडच्या पूर्व भागात ५० आणि ओसाकाकडच्या पश्चिम भागात ६० आहे. सौदी अरेबियात व्होल्टेज आपल्यासारखं असलं तरी हर्ट्झ ६० आहेत.

तिसरा आकडा वॅटचा, म्हणजे यंत्र किती वीज खातं त्याचा. वॅटला व्होल्टने भागलं की वायरीतून किती अँपिअर प्रवाह जाणार ते कळतं. पिन, वायर आणि सॉकेट या सगळ्यांची ताकद अँपिअरमध्ये मोजतात, म्हणून हा भागाकार महत्त्वाचा.

चकतीवर ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असं लिहिलेलं असेल तर यंत्र कुठल्याही देशात चालतं आणि फक्त पिन बदलायची असते. मोबाईलचे चार्जर, चार्जिंगवर चालणारी छोटी यंत्रं आणि वजनकाट्यांचे अडॅप्टर बहुधा असे असतात. पाणी, तवा किंवा ओव्हन तापवणारी यंत्रं जवळजवळ कधीच अशी नसतात. प्रवासी किटल्यांना मात्र काही वेळा बुडाशी १२०/२४० चा छोटा सरकता खटका असतो. तो नखाने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने २४० वर आणून मगच प्लग लावा.

१२० व्होल्टचं यंत्र २३० वर लावलं तर

दाब दुप्पट झाला की वीज दुप्पट लागेल, असा अनेकांचा समज असतो. तापणाऱ्या यंत्रांत गणित तसं नसतं. आतल्या तापणाऱ्या तारेचा, म्हणजे कॉइलचा, अडथळा तोच राहतो, त्यामुळे दाब वाढला की प्रवाहही त्याच पटीत वाढतो. उष्णता या दोन्हींच्या गुणाकारातून होते. २३० ला १२० ने भागलं तर सुमारे १.९ येतात, आणि त्याचा वर्ग साडेतीनच्या पुढे जातो.

उदाहरणार्थ, १,५०० वॅटची अमेरिकन किटली घ्या. तिच्या कॉइलचा अडथळा ९.६ ओहम असतो. आपल्या सॉकेटात ती २४ अँपिअर ओढेल आणि सुमारे साडेपाच हजार वॅट उष्णता तयार करेल. दीड हजार वॅटसाठी बनवलेली कॉइल हे सोसू शकत नाही. ती लाल होते आणि तुटते, किंवा तुटण्याआधी भोवतीचं प्लास्टिक पेटवते. यंत्रात इलेक्ट्रॉनिक बोर्ड असेल, जसा विजेवरच्या प्रेशर कुकरमध्ये असतो, तर बहुतेक वेळा आधी तोच जातो. जपानचा १०० व्होल्टचा राईस कुकर लावला तर गुणाकार पाचाच्याही पुढे जातो.

उलट दिशेने धोका कमी असतो. इथला कुकर अमेरिकेत नेला तर तो जेमतेम पाव ताकदीने तापेल आणि भात कच्चा राहील.

म्हणून अमेरिका, कॅनडा किंवा जपानहून आलेलं यंत्र नुसत्या अडॅप्टरवर कधीही लावू नये. अडॅप्टर म्हणजे नळाला बसवलेली दुसऱ्या मापाची तोटी. तोटी बदलली तरी पाण्याचा दाब तोच राहतो.

‘एमसीबी आहे ना, तो पडेल’

एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह झाला की आपोआप बंद होणारा खटका, भिंतीतली वायर वाचवण्यासाठी असतो. तुमची किटली वाचवणं हे त्याचं काम नाही. घरगुती एमसीबीच्या मानकात असं आहे की आकड्याच्या १.४५ पट प्रवाह झाला तर त्याने तासाभराच्या आत पडलं पाहिजे. तासाभराच्या आत, तत्काळ नाही. सोळा अँपिअरच्या एमसीबीवरून २४ अँपिअर गेले तर तो पडेल, पण काही मिनिटांनी. वीस अँपिअरचा असेल तर २४ हा त्याच्या दृष्टीने किरकोळ जादा प्रवाह आहे आणि तो आणखी उशिरा पडेल, किंवा पडणारही नाही. तोवर किटलीचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

कन्व्हर्टर लावला तर चालेल का?

चालेल, पण कन्व्हर्टर, म्हणजे विजेचा दाब उतरवायला घेतात ती वस्तू, कुठला आहे ते पाहावं लागेल. बाजारात या नावाने दोन अगदी वेगळ्या वस्तू मिळतात.

एक असते तळहातावर मावणारी हलकी डबी, जिच्यावर १,६०० वॅट वगैरे मोठा आकडा छापलेला असतो. ती दाब खरं तर कमी करत नाही. विजेच्या प्रत्येक लाटेचा थोडा भाग कापून टाकते, त्यामुळे सरासरी उष्णता कमी होते. पण उरलेल्या लाटेचं टोक तेवढंच उंच राहू शकतं. २३० व्होल्टच्या लाटेचं टोक ३२५ व्होल्टपर्यंत जातं, १२० च्या लाटेचं १७० पर्यंत. साधी इस्त्री किंवा केस वाळवायचं यंत्र थोडा वेळ हे सहन करतं. इलेक्ट्रॉनिक बोर्ड किंवा मोटर असलेलं यंत्र तिच्यावर लावू नका, आणि स्वयंपाकघरातल्या बहुतेक यंत्रांत या दोन्हींपैकी एक असतंच.

दुसरा असतो खरा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर. लोखंडाच्या गाभ्यावर तांब्याचे वेढे असलेली ही पेटी इतकी जड असते की मोठी असेल तर उचलायला दोन्ही हात लागतात. मुंबईत ती लोहार चाळीत आणि लॅमिंग्टन रोडवर मिळते. घेताना या गोष्टी बघा.

तिची ताकद व्हीएमध्ये (व्होल्ट गुणिले अँपिअर) लिहिलेली असते, आणि तापणाऱ्या यंत्रांपुरता हा आकडा वॅटसारखाच समजला तरी चालतो. यंत्राच्या वॅटच्या किमान सव्वा ते दीडपट ताकद घ्या, म्हणजे १,००० वॅटच्या कुकरला १,५०० व्हीए आणि १,५०० वॅटच्या वॉफल मेकरला २,००० व्हीए. मोटर असलेल्या यंत्राला दुप्पट ते तिप्पट घ्या, कारण मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी जास्त प्रवाह ओढते. दुकानदाराला ही ताकद सतत चालण्याची आहे की थोड्या वेळाची, हे स्पष्ट विचारा. पेटीवर वेळ लिहिलेली नसेल तर पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं चालवून हात लावून बघा. कोमट ठीक आहे, पण हात ठेववत नसेल तर पेटी लहान पडतेय.

आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच पेट्या ११० व्होल्ट देतात. १२० च्या यंत्राला ११० मिळाले की उष्णता सुमारे १६ टक्क्यांनी कमी होते. यात धोका काही नाही, फक्त केक थोडा उशिरा होतो. जपानी कुकरला मात्र ही पेटी नको. १०० व्होल्टच्या कॉइलला ११० मिळाले की उष्णता २१ टक्क्यांनी वाढते. त्याच्यासाठी १०० व्होल्टचीच पेटी मागा.

घरगुती वापराच्या पेट्या बऱ्याचदा ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतात. त्यांत आत येणारी आणि बाहेर जाणारी एक तार सामाईक असते. भिंतीतल्या सॉकेटात फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (ती परत नेणारी तार) उलटे जोडलेले असतील तर बाहेरच्या दोन्ही तारा जमिनीच्या तुलनेत शंभर व्होल्टच्या वर राहतात. म्हणून असं सॉकेट आधी वायरमनकडून तपासून घ्या. पेटीच्या तीन भोकांच्या सॉकेटातलं तिसरं भोक आतून खरोखर अर्थला जोडलेलं आहे का, तेही त्याच वेळी मीटर लावून बघायला सांगा. आणि काम झालं की पेटी भिंतीवरच्या बटणाने बंद करा. यंत्र चालू नसलं तरी ती थोडी वीज खात आणि तापत राहते.

हर्ट्झचं काय?

ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. किटली, टोस्टर, वॉफल मेकर यांना त्याने काही फरक पडत नाही. कार्बन ब्रश असलेल्या मोटरीही, म्हणजे मिक्सर किंवा ब्लेंडरमध्ये सहसा असतात त्या, हर्ट्झवर अवलंबून नसतात.

अडतात ती मायक्रोवेव्हसारखी यंत्रं. त्यांच्या पोटात मोठा ट्रान्सफॉर्मर असतो. त्याचा लोखंडी गाभा नळाखाली धरलेल्या फडक्यासारखा समजा. ६० हर्ट्झवर सेकंदाला १२० वेळा फडकं पिळलं जातं, ५० वर फक्त १००. प्रत्येक पिळण्याआधी जास्त वेळ पाणी पडतं आणि फडक्यात न मावणारं पाणी बाहेर सांडू लागतं. हे सांडणं म्हणजे गाभ्यात आणि वेढ्यांत वाढणारी उष्णता. वर, विजेच्या फेऱ्या मोजून चालणारी घड्याळं तासाला दहा मिनिटं मागे पडतात. अमेरिकन मायक्रोवेव्ह आणायचाच असेल तर माझं मत स्पष्ट आहे: आणू नका. इथेच घ्या. दुरुस्तीचे भाग आणि वॉरंटी यांचाही प्रश्न त्यासोबत सुटतो.

‘पण अमेरिकेतही घरात २४० व्होल्ट असतात’

असतात, ओव्हन आणि कपडे वाळवायच्या यंत्रासाठी. पण तिथे १२० च्या दोन फेज आणि मधला न्यूट्रल मिळून हे २४० होतात, आणि त्याच ओव्हनमधलं घड्याळ, दिवा, पंखा एका फेजवर, म्हणजे १२० वर चालतात. आपल्याकडे एक फेज २३० ची असते. त्यामुळे कॉइल तापेल, पण बाकीचं जळेल. असं अवजड यंत्र कंटेनरमधून मागवण्याआधी हे लक्षात घ्यावं.

आता २३० व्होल्टवाल्या यंत्रांकडे वळू

दुबई, लंडन, सिंगापूर, बर्लिन किंवा सिडनीहून आलेल्या यंत्राला कन्व्हर्टर लागत नाही. इथे प्रश्न उरतात ते वॅट आणि अर्थिंगचे. आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, कारण यंत्र लगेच चालतं. चाललं म्हणजे झालं, असं धरून पुढे कुणी बघत नाही.

आपल्याकडे दोन मापांचे गोल पिनांचे प्लग आहेत. बोलताना आपण त्यांना ‘पाचचा’ आणि ‘पंधराचा’ म्हणतो, आयएस १२९३ या भारतीय मानकात ते ६ आणि १६ अँपिअरचे आहेत. सहाचा प्लग कागदावर १,३८० वॅटपर्यंत चालतो, पण व्यवहारात हजार-बाराशेच्या वर त्याला ताण देऊ नये. लंडन किंवा दुबईची किटली अनेकदा ३,००० वॅटची असते, म्हणजे १३ अँपिअरची. ती रस्त्यावरच्या हलक्या अडॅप्टरमधून पाचच्या पॉइंटवर लावली की पातळ पितळी पट्ट्या तापतात, प्लास्टिक मऊ होतं, पट्टीची पकड सैल होते आणि ती आणखी तापते. तपकिरी डाग आणि जळका वास येईपर्यंत हे कुणाच्या लक्षात येत नाही. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत सॉकेटांच्या पितळेवर हिरवट थर चढतो, त्याने हे आणखी लवकर होतं.

जर्मनीचा प्लग आपल्या पाचच्या सॉकेटात जातो, म्हणून तो बरोबर आहे असं वाटतं. त्याच्या पिना ४.८ मिलिमीटर जाड आणि १९ मिलिमीटर अंतरावर असतात. आपल्या पाचच्या पिनांचं अंतरही तेवढंच, पण जाडी ५.१. म्हणजे पिन आत जाते, पण ढिली राहते आणि ठिणग्या उडतात. त्याहून गंभीर गोष्ट अशी की त्याची अर्थिंग प्लगच्या कडांवरच्या पट्ट्यांतून होते, आणि आपल्या सॉकेटात तिथे टेकायला काहीच नसतं. ओव्हन तापतो, टोस्ट भाजला जातो, आणि धातूचं अंग मात्र अर्थशिवाय राहतं. युनिव्हर्सल मल्टीप्लगमध्येही हेच होतं.

अर्थिंग नसलं तर रोज काहीच बिघडत नाही. ज्या दिवशी आतली वायर तुटून धातूला टेकते, त्या दिवशी वीज जमिनीत जायला वाट शोधते, आणि ओल्या ओट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाचं शरीर ही वाट बनतं. अर्थची वायर असती तर त्याच क्षणी मोठा प्रवाह जमिनीत जाऊन एमसीबी पडला असता.

‘दोन पिनाच आहेत, मग अर्थ कशाला?’

यंत्राच्या चकतीवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर त्याला दुहेरी आवरण आहे आणि अर्थ लागत नाही. हॅण्ड ब्लेंडर, प्लास्टिकचे मिक्सर असे असतात.

अमेरिकेचा धातूचा टोस्टर वेगळा आहे. त्याला दोनच चपट्या पिना असतात, पण एक रुंद आणि एक अरुंद. रुंद ती न्यूट्रल. बटण फेजच्या वायरीत बसलेलं असतं. दोन्ही पिना कशाही घुसणाऱ्या अडॅप्टरमध्ये उलटं लागलं तर टोस्टर बंद असतानाही कॉइलमध्ये वीज राहते. अडकलेला पाव सुरीने काढायची सवय ज्या घरात आहे तिथे हे जिवावर बेतू शकतं. म्हणून ट्रान्सफॉर्मरच्या सॉकेटात एक फट रुंद आणि एक अरुंद आहे का ते बघा, आणि पाव काढताना प्लग ओढून काढा.

पिन बदलायची योग्य पद्धत

यंत्राची वायर मागून सुटी काढता येत असेल, जशी बऱ्याच राईस कुकरची येते, तर काहीही कापू नका. त्याच टोकाची, भारतीय प्लग असलेली, आयएसआय मार्कची नवीन वायर घ्या. कॉम्प्युटरची वायर तोंडाला बसते, पण तिचा प्लग पाचचा आणि आतली तार बारीक असते. हजार वॅटच्या पुढे ती वापरू नका. किटलीसारख्या गरम तोंडाच्या यंत्राच्या वायरीला खाच असते, कारण ती जास्त तापमान सोसणाऱ्या जातीची असते. खाच नसलेली वायर त्यात बसत नाही. कापून बसवू नका.

ब्रिटिश प्लगच्या पोटात फ्यूज असतो, बहुधा ३ किंवा १३ अँपिअरचा, आणि तो यंत्राच्या वायरीला सांभाळतो. प्लग कापला की ते संरक्षण जातं. त्यामुळे असं यंत्र रोज वापरायचं असेल तर मॉड्युलर बोर्डाच्या मापाचं १३ अँपिअरचं चपट्या पिनांचं सॉकेट स्वयंपाकघरातल्या पॉवर पॉइंटवर बसवून घेणं सगळ्यात चांगलं. प्लग, फ्यूज, अर्थ, सगळं मूळचं राहतं. जर्मन प्लगला मात्र कापून भारतीय थ्री-पिन टॉप, म्हणजे तीन पिनांचा प्लग, लावणं हाच नीट उपाय आहे: हजार वॅटच्या वर सोळाचा, खाली सहाचा.

टॉप लावताना रंग नीट ओळखा. युरोपीय आणि ब्रिटिश वायरीत तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. आपल्या जुन्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. आणि अमेरिकन वायरीत काळी म्हणजे फेज, पांढरी न्यूट्रल! जुन्या सवयीने काळीला न्यूट्रल समजणारा वायरमन इथे चुकू शकतो, त्याला आधी सांगून ठेवा. सॉकेटाकडे तोंड करून बघितलं तर वर अर्थ, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल.

अर्थची तार बाकी दोघींपेक्षा सेंटीमीटरभर लांब ठेवा, म्हणजे कुणी वायर ओढली तर ती सगळ्यात शेवटी निघेल. तारांच्या टोकांना सोल्डर लावू नका. दाबाखाली तो हळूहळू चपटा होतो आणि स्क्रू सैल पडतो. बाहेरचं आवरण टॉपच्या पकडीत घट्ट आलं पाहिजे, नुसत्या तारा नाहीत. कापलेला जुना प्लग मोडून टाका. उघड्या तारांचा तुकडा मुलांच्या हातून सॉकेटात जायला नको.

जुन्या इमारतीतल्या घरांसाठी

तिसरं भोक असलं म्हणजे त्यामागे अर्थ आहेच असं नाही. चाळींत आणि जुन्या इमारतींत ते अनेकदा रिकामं असतं. टेस्टर अर्थच्या भोकात पेटला नाही यावरून काही सिद्ध होत नाही, रिकाम्या भोकातही तो पेटणार नाही. वायरमन फेज आणि अर्थच्या मध्ये दिवा लावून बघतो. दिवा पूर्ण प्रकाशाने पेटला तर अर्थ खरी आहे. घरात आरसीसीबी असेल, म्हणजे गळती झाली की पडणारा खटका, तर तो या चाचणीत पडेल. तेही अर्थ असल्याचंच लक्षण आहे. हे काम स्वतः करू नका.

मोठं यंत्र असेल तर बिलावरचा मंजूर भारही बघा, वीज बेस्टची असो, अदानीची, टाटा पॉवरची की महावितरणची. गीझर, एसी आणि ३,००० वॅटची किटली एकाच वेळी चालवणाऱ्या घराला भार वाढवून घ्यावा लागू शकतो.

सगळं जोडून झालं की यंत्र पहिल्यांदा दहा मिनिटं चालवा, बटण बंद करा, प्लग काढा आणि लगेच पिनांजवळ बोट नेऊन बघा. कोमट असतील तर हरकत नाही. चटका बसला तर सॉकेट सैल आहे किंवा माप लहान आहे, आणि ते बदलेपर्यंत यंत्र खोक्यातच ठेवा.